एकसष्ट घरांचा महादेवराव

१

आमच्या ऑफिसात साडेनऊला पंखा लागायचा, पावणेदहाला खालच्या मजल्यावर दहावीची पोरं प्रमेयं घोकायला बसायची आणि दहाला माझ्या हाताखालच्या जेबाची बोटं कीबोर्डवर सुरू व्हायची. मग दिवसभर ती थांबत नसत. अमरावतीच्या राजापेठेत, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. बाहेर अजून जुनीच पाटी होती, 'मराठी-इंग्रजी टंकलेखन'. मालक गयासभाई. टाइपरायटर भंगारात निघाले तेव्हा त्यांनी त्याच टेबलांवर कॉम्प्युटर मांडले आणि सरकारी फॉर्म भरून देण्याची कामं घ्यायला लागले. टेबलं तीच, खुर्च्या त्याच, माझं डोकं तेवढं नवं.

ते २००६ साल होतं. कपाशीच्या मुलखात माणसं एकामागून एक जीव देत होती आणि सरकारनं घरोघरी फॉर्म घेऊन गुरुजी पाठवले होते. घरात कोण कोण आहे, कोणाला काय दुखणं आहे, कोण कमी बोलतं, कोणाला झोप लागत नाही, असं सगळं त्यात विचारलेलं. दोन तालुक्यांचे फॉर्म आमच्याकडे आले होते. ते एक्सएमएल फायलीत भरून सीडीवर सरकारी साहेबांना द्यायचे होते.

एक्सएमएल म्हणजे डब्यात डबा. गावाच्या डब्यात घरं, घराच्या डब्यात कुटुंबप्रमुख, प्रमुखाच्या डब्यात बाकीची माणसं. कुठल्या डब्यात काय असलंच पाहिजे आणि काय चालणार नाही, हे सांगणारी नियमावली वेगळी असते. तिला स्कीमा म्हणतात. ती मी लिहिली होती, एकटीनं. फाइल नियमात बसली की पडद्यावर हिरवी खूण यायची, नाही बसली की लाल. वय दोनशे टाकून बघा, लाल. नाव रिकामं ठेवून बघा, लाल. मला त्या लाल खुणेचा अभिमान होता. माणसं फसवतात, विसरतात, झोपाळलेली असतात, माझी नियमावली तशी नव्हती. गयासभाई म्हणायचे, "दीपमाला बेटा, तुझ्या हाताखालून मुंगी नाही जाणार." मीही लाजायचं सोडून मान डोलवायचे.

२

त्या वर्षी चिकनगुन्यानं अख्खा वऱ्हाड लंगडत चालत होता. नोव्हेंबरात मलाही गाठलं. दहा दिवस अंथरुणात काढले, अकराव्या दिवशी जिन्याचा कठडा धरून ऑफिसात आले. आधी अडकलेल्या फायलींचा खण उघडला. मी आजारी पडले तेव्हा त्यात एकसष्ट घरं लाल खूण घेऊन बसली होती. आता खण रिकामा होता. एकसष्टच्या एकसष्ट हिरवी.

"जेबा, हे कसं केलंस?"

"झाली ना पास? मग?" तिनं मान वर केली नाही.

मी एक फाइल उघडली. कुटुंबप्रमुख: महादेवराव. वय: ५२. उजव्या पायाने अधू: होय. कमी बोलतात: होय. रात्री झोप लागते: नाही. दुसरी उघडली. महादेवराव, ५२, अधू. तिसरी, चौथी, विसावी. सगळीकडे तोच. आणि मला तो ओळखीचा होता, कारण तो मीच बनवला होता. फॉर्म कसा भरायचा हे दाखवायला मी एक नमुना करून भिंतीवर चिकटवला होता. कुठलीच जागा रिकामी दिसू नये म्हणून मी प्रत्येक प्रश्नाला काहीतरी उत्तर टाकलं होतं. पाय अधू, बोलणं कमी, झोप नाही. पाच मिनिटांचं काम.

"हा माणूस कुठेच नाही, जेबा!"

"त्या घरांत कोणीच माणूस नाही ताई. वारले सगळे. गुरुजींनी प्रमुखाची जागा कोरी सोडली. मी बायकोचं नाव टाकून पाहिलं तर तुमची लाल खूण. कायले, तर प्रमुखासमोर तुम्ही फक्त 'पुरुष' लिहून ठेवलंय. तुम्ही बुखारमध्ये, तारीख डोक्यावर, साहेबांचे फोन वर फोन. मी काय करू? एक आदमी पाहिजे होता, तुमचाच भिंतीवर होता."

नियमावली लिहिताना मी नमुन्याचे शंभर फॉर्म पाहिले होते. शंभरही प्रमुख पुरुष होते, मी 'पुरुष' लिहून पुढे गेले. विधवा आईची मुलगी मी, आणि मला ते सुचलं नाही.

गुरुजी विचारायचे, "घरात मोठं कोण?" आणि बाया सांगायच्या, "आता कोणी नाही." म्हणून जागा कोरी. त्या एकसष्टांत आमच्या गावची चार घरं होती. त्यातलं घर क्रमांक सत्त्याण्णव असं: प्रमुख महादेवराव. पत्नी भागीरथा, वय ४९. मुलगी दीपमाला, अविवाहित, बाहेरगावी नोकरी.

माझ्या आईच्या कपाळी मी एक नवरा चिकटवला होता. मला हसू आलं, आणि लगेच रागही आला. पडताळणी आटोपली की बघू, म्हणून मी फायली तशाच ठेवल्या.

३

साहेबांच्या ऑफिसनं काही फॉर्म प्रत्यक्ष घरी जाऊन पडताळायला सांगितले होते. त्यांनी पाठवलेल्या यादीत आमच्या गावचं घर क्रमांक एकशेचौदा होतं, पार्वताबाईचं, त्याच एकसष्टांतलं. मी आनंदानं निघाले. आईही भेटली असती. मूर्तिजापूरपर्यंत एसटी आणि तिथून शकुंतला. माझे वडील याच छोट्या गाडीच्या रुळांवर गँगमन होते. एका दुपारी काम करता करता छातीला हात लावून खाली बसले ते उठले नाहीत. त्याला चार वर्षं झाली होती.

गावात पोचले तेव्हा बारा वाजले होते. सगळी माणसं वेचणीला गेलेली. पार्वताबाई लिंबाखाली ओट्यावर तूर निवडत होती. तिचा नवरा गेला तेव्हा मी मातीला आले होते. घरात ती आणि तिची आंधळी सासू, दोघीच.

"किती माणसं घरात?" मी फॉर्मप्रमाणे विचारलं.

"तीन."

"तिसरं कोण?"

"हे हायेत ना आतमंदी." तिनं निवडता निवडता हनुवटीनं दाराकडे दाखवलं.

"पार्वताकाकू, काका तर..."

"ते गेले व माय. मले काय ठाऊक नाई? हे दुसरे."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. वेड्यासारखं काही नव्हतं. डोळे खोल गेले होते, गालाची हाडं वर आली होती.

"कधीपासून?"

"झाले आठेक दिवस. सकाळी उठली त खाटीवर."

"कोण आहेत? नाव काय?"

"बोलत नाई ते. काय इचारू? आन् हळू बोल जरा. रातभर झोप नसते त्याहिले."

आत जुन्या लुगड्याचा पडदा होता. त्याच्यामागे काहीतरी हललं. एक पाऊल पडलं आणि त्यामागून दुसरं ओढत आलं. पाऊल, मग फरफट. अर्ध्या गावाला चिकनगुन्या झाला होता, फरफटीत नवल काहीच नव्हतं. मी स्वतः तशीच चालत आले होते. कोणी दूरचा नातेवाईक येऊन राहिला असेल आणि बाईला लोकलाजेनं सांगवत नसेल, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं.

तेवढ्यात वारा आला आणि पडद्याची खालची कड उचलली गेली. खाटेवरून एक पाय खाली लोंबत होता, उजवा, घोट्यातून आत वळलेला. तळवा माझ्याकडे होता. आमच्याकडे माणसाच्या तळव्याला भेगा असतात, काळ्या, मातीनं भरलेल्या. दुकानात गादीवर बसणाऱ्यालाही थोड्या असतातच. त्या तळव्यावर एकही भेग नव्हती. रेघही नव्हती. ते पाऊल कधी जमिनीला लागलंच नव्हतं.

मी फॉर्मवर 'पडताळले' अशी सही केली आणि निघाले. का केली ते मला अजून सांगता येत नाही.

४

आई दारातच होती. माझी आई म्हणजे बोलणारी बाई. ती एकदा सुरू झाली की आमची कुत्री उठून दुसऱ्या अंगणात जात. मी तिला मोबाइल घेऊन दिला तो एवढ्यासाठीच. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी फोन लावायचे आणि पोळी खाऊन होईपर्यंत ऐकायचे. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या सुनेनं काय म्हटलं, रेशनवर कसं अजून वडिलांचंच नाव आहे. त्या शहरात ती बडबड हेच माझं घर होतं. गेल्या आठवड्यात फोन आखूड झाले होते. मला वाटलं, माझ्या तापामुळे ती लवकर आवरतं घेते.

"आली का माय? बस. पाय कसे हायेत तुये?" हे सगळं ती कुजबुजत बोलली.

"कुजबुजतेस काय?"

"हळू व."

भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता. त्याखाली वडिलांची खाट असायची, ते गेल्यावर आईनं ती उभी करून ठेवली होती. ती जागा रिकामी होती. खाट आतल्या खोलीत टाकलेली दिसत होती. दार लोटलेलं होतं.

आईनं ताटं घेतली. तीन.

"कोणासाठी?"

"असू दे."

तिनं भाकर, आंबाडीची भाजी आणि कांदा वाढला आणि एक ताट घेऊन आत गेली. मी बसून राहिले. आतून चावण्याचा आवाज येत होता. बराच वेळ. आई बाहेर आली, उरलेल्या दोन भाकरींतली एक घेऊन पुन्हा आत गेली. मग दुसरीही नेली. शेवटी माझ्या ताटातलं अर्धं मी तिच्यापुढे सरकवलं तेव्हा ती हावऱ्यासारखी जेवली. मी कधीच तिला तसं जेवताना पाहिलं नव्हतं. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"आई, कोण आहे आत?"

"मले काय इचारतं?" ती माझ्याकडे बघून म्हणाली. "पोटभर खाते. बोलत नाई, चालत नाई धड. मी ओसरीत झोपतो. ते रातभर इकडून तिकडे, इकडून तिकडे. दीपे, मी म्हणलं, बाप्पा, तुमी कोण? जा न आपल्या घरी. तं माह्याकडे असं पाह्यलं का जसं हेच त्याचं घर हाय."

"मी घालवते त्याला."

"कशी घालवशीन?" तिनं विचारलं, आणि आतली खाट करकरली तशी गप्प झाली.

मी ते दार उघडलं नाही. शिकलेली मुलगी, एमसीए, लाल खुणेची मालकीण. चार पावलांवर दार होतं आणि मी उघडलं नाही. निघताना आई माझ्या पाया पडल्यासारखी वाकली. ती माझ्या चपलेचा पट्टा लावत होती. तिच्या टाचांच्या भेगांत मेण भरलेलं दिसलं. लहानपणापासून बघत आलेय ते मी.

५

ऑफिसात परत आले. मनात एकच गोष्ट होती, आणि ती इतकी मूर्खपणाची होती की जेबालाही सांगता येईना. हा माणूस फायलीतून आला असेल तर फायलीतून जाईल. आधी आईच्या घरावर हात टाकायची हिंमत झाली नाही. मी एकशेचौदा उघडलं. 'प्रमुख' हा डबा सुरू होतो तिथपासून संपतो तिथपर्यंत निवडला आणि पुसला. फाइल सेव्ह केली. मग आईला फोन लावला.

"आई, पार्वताकाकूकडे जरा बघून ये ना."

"कोनाकडे?"

"पार्वताबाई. लिंबापाशी."

"कोन पार्वताबाई व? लिंबापाशी त मोकळी जागा हाय. आमी गोवऱ्या थापतो तिथं."

"आई, चेष्टा करू नको. त्यांची आंधळी सासू, काका वारले तेव्हा मी आले होते..."

"ताप हाय का तुले अजून?" आई काळजीनं म्हणाली.

मी फोन ठेवला आणि कागदी फॉर्मचा गठ्ठा सोडला. एकशेतेरा. एकशेपंधरा. मधे काही नव्हतं. दोनदा मोजलं, जेबाला मोजायला लावलं. पडद्यावरची फाइल बघितली आणि मग मला जे आधीच कळायला हवं होतं ते कळलं. बाकीची माणसं मी प्रमुखाच्या डब्यात ठेवली होती. डबा पुसला की आतलं सगळं जातं. पार्वताबाई आत होती, तिची सासू आत होती.

जेबानं माउस माझ्या हातातून घेतला. "बॅकअपमधून आणू?" एवढंच विचारलं तिनं. आणलं. डबा जागेवर चिकटवला. हिरवी खूण आली. मी पुन्हा फोन लावला.

"पार्वता? ती आत्ताच गेली इथून. विरजण मागाले आलती. काहून व?"

जेबानं फोनमधला आवाज ऐकला होता. तिनं ओढणी डोक्यावर घेतली, ओठ हलवून काहीतरी पुटपुटली आणि म्हणाली, "लाइन खराब असंल ताई."

"हो," मी म्हटलं. "लाइन खराब आहे."

घर क्रमांक सत्त्याण्णवमध्ये त्याच डब्यात भागीरथा होती. त्याच डब्यात दीपमाला होती.

६

पुसायचं नाही. मग काय करायचं? शनिवारची अख्खी दुपार मी पडद्यासमोर बसून काढली. भारनियमनात वीज गेली तरी काळ्या पडद्यासमोर बसून राहिले. वीज आली तेव्हा मला सुचलं, आणि सुचल्यावर मी स्वतःच्या डोक्यात एक टपली मारली. नियम माझाच होता. प्रमुख पुरुषच पाहिजे, असं मी लिहिलं होतं. ते बदलायचं. त्याच्या जागी त्या घरच्या बाईचं नाव घालायचं. डबा तोच राहील, आतली माणसं जागेवर राहतील, फक्त तो जाईल.

"हे तर मी पहिल्याच दिवशी करत होती," जेबा म्हणाली.

"तुझं बरोबर होतं," मी म्हटलं. हे वाक्य मी त्या ऑफिसात पहिल्यांदा बोलले.

रविवारी आम्ही दोघीच होतो. मी नियमात 'स्त्री' घातलं. मग एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, कारण एकसष्ट घरं हातानं बदलताना चूक झाली असती आणि मला आता चूक परवडणार नव्हती. प्रोग्रॅम प्रत्येक घरात जाणार, महादेवराव शोधणार, त्याचं नाव, वय आणि लिंग काढून तिथं पत्नीचं घालणार, आणि खालची पत्नीची जुनी नोंद काढणार. चार सेकंदांत झालं. मी संपूर्ण फाइल तपासली. हिरवी. महादेवराव असा शोध घेतला. शून्य. आई आता घर क्रमांक सत्त्याण्णवची कुटुंबप्रमुख होती, भागीरथा, ४९, स्त्री. मला रडू आलं. जेबानं पाणी दिलं.

फोन लावला. आईनं उचलला.

"आई, आत बघ. खाटेवर कोण आहे?"

ती आत जाऊन बघून आली. मग ती म्हणाली, "खाट रिकामी हाय."

मी ओरडलेच. जेबाला मिठी मारली. आईला म्हटलं, पोटभर जेव, मंगळवारी येते, पुरणपोळी कर. ती "हं" म्हणाली. माझ्या आनंदात मला तेव्हा एवढंच ऐकू आलं.

सोमवारी सकाळी गयासभाई स्वतः सीडी घेऊन साहेबांच्या ऑफिसात गेले. दुपारी पोच घेऊन आले, पेढेही आणले. "एक गलती नाही निघाली बेटा. साहेब बोलले, असं काम कोणीच दिलं नाही. दाखल करून घेतलं त्यांनी. आता मुंबईला गेलं."

७

मंगळवारी शकुंतला तासभर उशिरा सुटली. मला त्याचंही काही वाटलं नाही. पिशवीत आईसाठी स्वेटर होता.

गावात शिरलं की आधी हापशी लागते. दुपारच्या वेळीही तिथं दोन-तीन बाया असतात आणि त्यांचं भांडण चाललेलं असतं. त्या दिवशी तीन होत्या. पार्वताबाई होती, दुसऱ्या दोघी आमच्याच आळीतल्या, एकसष्टांतल्या. कोणी बोलत नव्हतं. "काय काकू," मी म्हटलं. पार्वताबाईनं माझ्याकडे पाहिलं, हंडा कमरेवर घेतला आणि निघाली. तिच्यामागून दुसरी. तिच्यामागून तिसरी. पाऊल, आणि मग फरफट. तिघींचंही एकाच पायाचं.

चिकनगुन्या आहे, मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, रस्त्यात उभी राहून.

मग मी पळाले. पळता पळताच मला भिंतीवरचा तो कागद दिसायला लागला, माझ्या अक्षरातला, चिकटपट्टीनं लावलेला. नाव, वय आणि लिंग. माझ्या प्रोग्रॅमनं एवढंच बदललं होतं. खालच्या तीन ओळींना मी हात लावला नव्हता. त्यात नियमाबाहेरचं काही नव्हतं, म्हणून लाल खूण आली नाही. मीच जेबाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं की नियमावली फक्त आकार बघते, खरं-खोटं बघत नाही.

दार उघडं होतं. खाट अजून आतल्या खोलीतच होती. आई खाटेवर बसली होती, भिंतीकडे तोंड करून.

"आई."

ती वळली. तिनं मला ओळखलं, ते मला शपथेवर सांगता येईल. डोळे भरले. तोंड उघडलं, थोडं हललं आणि मिटलं.

"आई, बोल ना. काहीही बोल. कोणाची म्हैस व्याली सांग. मला शिव्या दे."

ती उठायला लागली तशी मी तिला धरलं. तिनं डावा पाय टेकवला आणि उजवा ओढत आणला. घोट्यातून आत वळलेला. मी तिला परत बसवलं आणि तो पाय मांडीवर घेतला. चोळला तर बरा होईल असं काहीतरी माझ्या मनात असावं. मी तळवा उलटा केला.

मेण नव्हतं. भेगा नव्हत्या. चाळीस वर्षं कापसाच्या रानात चाललेल्या माझ्या आईचा तळवा होता तो, आणि त्यावर एक रेघ नव्हती.

८

दुसऱ्या दिवशी मी फाइल उघडून त्या तिन्ही ओळी दुरुस्त केल्या, एकसष्टही घरांच्या. पाय अधू: नाही. कमी बोलतात: नाही. झोप लागते: होय. हिरवी खूण आली. गावात काही फरक पडला नाही, कारण दाखल झालेली सीडी मुंबईला होती. मी साहेबांकडे तीनदा गेले. तिसऱ्यांदा ते माझ्यावर चिडले. "बाई, बिनचूक काम दिलंत आणि आता चुका कशाला शोधता? दाखल झालेलं बदलत नसतात." मी त्यांना काय सांगणार होते?

आईला अमरावतीला आणायला दोनदा गेले. ती वेशीपर्यंत येते, तिथून मागे वळते.

भिंतीवरचा कागद जेबानं काढून जाळला. नियमावली मी पुन्हा लिहिली, त्यात माणसं प्रमुखाच्या बाजूला ठेवली, पोटात नाही. ती आता कोणालाच नको आहे. पुढचं काम आलं आहे, दुसऱ्या तालुक्याचं. ते मी घेतलं नाही. गयासभाई म्हणतात, बेटा, आराम कर.

जेवणाच्या सुट्टीत मी अजून फोन लावते. ती उचलते. मग मी बोलते, राजापेठेत काय महाग झालं, जेबाचं लग्न कुठे ठरतंय, खालच्या पोरांना कुठलं प्रमेय येत नाही. पोळी संपेपर्यंत बोलते. मला इतकं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. पलीकडे ती ऐकत असते. खाटेपासून दारापर्यंत एक पाऊल आणि एक फरफट, मग दारापासून खाटेपर्यंत. मी फोन ठेवत नाही तोवर तो आवाज थांबत नाही.

काल जेवून हात धुवायला उठले तर जेबा माझ्याकडे बघत होती.

"ताई," ती म्हणाली, "तुमचा ताप तर केव्हाच उतरला ना?"

"हो. का?"

ती माझ्या उजव्या पायाकडे बघत होती. घर क्रमांक सत्त्याण्णव, प्रमुख भागीरथा. तिच्या डब्यात आता एकच माणूस उरलं आहे, मुलगी दीपमाला.